इंग्रजीचं टाचण कशावर तपासायचं?

परभणीहून पूर्णेकडे निघालं की पहिलं स्टेशन पिंगळी. अशा गावातल्या जिल्हा परिषद शाळेतला सहावीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. तीसेक मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, विषय इंग्रजी आणि घटक वेळ विचारणं व सांगणं. या एकाच घटकावर चार शिक्षकांनी चार वेगळी टाचणं काढली, तर त्यांतलं चांगलं कोणतं हे कोणी ठरवायचं आणि कशाच्या आधारे? शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत पद्धतींची वर्णनं भरपूर सापडतात. एकाच वर्गासाठी दोन टाचणं शेजारी ठेवून पाहण्याचं काम मात्र क्वचितच झालेलं दिसतं. म्हणून हा आढावा.

महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आलं २००० साली. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडत असे. निर्णयावर वाद झाला तो मुलांच्या वयाबद्दल, मराठीच्या भवितव्याबद्दल, खेड्यातल्या मुलावरच्या ओझ्याबद्दल. वर्गात तास नेमका कसा घ्यायचा, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. ज्यांनी स्वतः पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, त्या शिक्षकांवर पहिलीच्या मुलांशी इंग्रजीत बोलण्याची जबाबदारी आली. त्यानंतर प्रशिक्षणं झाली, प्रकल्प आले, पाठ्यपुस्तकं दोन-तीनदा बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर टाचणाचा नवा नमुनाही आला. फळ काय? 'असर'च्या २०२२च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या २४.५ टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता येत होती. २०१६ साली हेच प्रमाण २४.७ टक्के होतं. आठवीत ते ४५.३ वरून ४६.७ वर गेलं. मधल्या काळात करोनाने शाळा बंद पाडल्या हे खरं, पण त्यापूर्वीचं चित्रही समाधानाचं नव्हतं.

आज टाचणाची तपासणी कशी होते, ते पाहू. मुख्याध्यापक दर आठवड्याला सही करतात. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी शाळाभेटीला आले की टाचण वही मागतात. तारीख, इयत्ता, घटक, उपघटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय हे रकाने भरले आहेत का ते पाहिलं जातं. भरलेले असले की 'टाचण अद्ययावत' असा शेरा मिळतो. या तपासणीत शिक्षकाने काम केलं की नाही याची नोंद होते. टाचणाचा कस लागत नाही. म्हणूनच छापील टाचण वह्या खपतात, तयार टाचणांच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवरून फिरतात आणि आता तर संगणकाला सांगितलं की मिनिटभरात नीटस टाचण हातात पडतं. अशा टाचणात चूक शोधून सापडत नाही, कारण ते कोणत्याच वर्गाचं नसतं. शिक्षकांना यावरून बोल लावणं मला पटत नाही. जी गोष्ट कोणी वाचणारच नाही, ती माणूस उतरवूनच काढणार.

रकान्यांची ही चौकट आली कुठून? योहान फ्रीडरिश हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ १८४१ साली वारला. त्याच्या विचारांवरून त्सिलर आणि राइन या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या पक्क्या केल्या: पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. इंग्रजांच्या अध्यापक महाविद्यालयांतून त्या आपल्याकडे आल्या आणि डी.एड., बी.एड.च्या सराव पाठांत रुजल्या. पुढे बेंजामिन ब्लूम यांचं उद्दिष्टांचं वर्गीकरण १९५६ साली प्रसिद्ध झालं, १९५८ मध्ये ते स्वतः भारतात येऊन गेले, आणि टाचणात उद्दिष्टं व स्पष्टीकरणं यांचा रकाना ठाण मांडून बसला. स्टॅनफर्डमध्ये १९६३च्या सुमारास सुरू झालेलं सूक्ष्म अध्यापनही इथे पोचलं. ही सगळी चौकट सर्व विषयांना एकच आहे, आणि इंग्रजीपुरती खरी अडचण तिथेच आहे. इतिहासात किंवा विज्ञानात मुलाने उदाहरणांवरून नियमाकडे जावं, हे ठीक. भाषेत नियम सांगता आला म्हणून वाक्य तोंडात येत नाही. सामान्यीकरणाच्या पायरीवर इंग्रजीचा तास व्याकरणाचा तास होतो, आणि हर्बार्टच्या चौकटीत बसवलेलं टाचण जितकं काटेकोर पाळावं तितकं इंग्रजी बोलणं कमी होत जातं.

आता आपल्या सहावीच्या वर्गाकडे येऊ.

पहिलं टाचण भाषांतराचं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी इंग्रजी घटवलं, ही त्याच घराण्यातली पद्धत. मराठवाड्यात तिचा एक निराळा पदर आहे. निजामाच्या राज्यात शाळेची भाषा उर्दू होती, १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतून आणि इंग्रजी सक्तीचा विषय. परभणीकडच्या जुन्या शिकलेल्या माणसांनी घरी मराठी बोलत, उर्दूचा हात धरून इंग्रजी गाठलं. भाषांतराला आज मागासलेलं ठरवण्याची रीत आहे, ती मला घाईची वाटते. घड्याळाच्या घटकात तर भाषांतराचं टाचण एक गोष्ट सगळ्यांत स्पष्ट पाहतं. मराठी मुलाच्या डोक्यात वेळ सव्वा, साडे, पावणे अशी बसलेली असते. सव्वासहा म्हणजे 'क्वार्टर पास्ट सिक्स', पावणेसात म्हणजे 'क्वार्टर टू सेव्हन' ही जोडी लगेच जुळते. साडेसहाला 'हाफ पास्ट सिक्स'ही चपखल बसतं. मुलाजवळ आधीपासून असलेल्या ज्ञानाचा असा थेट उपयोग दुसरं कुठलंच टाचण करत नाही. शिवाय शिक्षकाचं बोलणं अस्खलित नसलं तरी हा तास पार पडतो, साहित्य लागत नाही, आणि सगळी मुलं लिहिण्यात गुंततात. उणीव एवढीच, पण ती मोठी आहे: अख्ख्या तासात मुलाच्या कानावर पडलेलं इंग्रजी मोजायला गेलं तर दोन-तीन मिनिटांपलीकडे जात नाही.

दुसरं टाचण रचनांच्या सरावाचं. विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतभर स्ट्रक्चरल पद्धतीचं वारं आलं. १९५८ साली हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन झाली, आजचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ ते हेच. राज्याची आंग्लभाषा शिक्षण संस्था औरंगाबादेत होती आणि मराठवाड्यातले कितीतरी शिक्षक तिथे प्रशिक्षण घेऊन आले. या टाचणात पुठ्ठ्याचं घड्याळ असतं. शिक्षक काटे फिरवतात, विचारतात, वर्ग एका सुरात उत्तर देतो, मग रांगेरांगेने, मग एकेकटा. प्रत्येक मुलाचं तोंड उघडतं, उच्चार कानावर येतो, चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. लाजाळू मुलाला सामूहिक आवाजाचा आडोसा मिळतो, आणि खेड्यातल्या पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांसाठी तो फार मोलाचा आहे. पण घड्याळ सगळ्यांना दिसत असताना वेळ विचारली जाते. विचारणाऱ्याला उत्तर माहीत, सांगणाऱ्यालाही ठाऊक की त्याला ते माहीत आहे. भाषेची गरजच उरत नाही, म्हणून मूल वाक्य म्हणतं आणि अर्थाकडे लक्ष देत नाही. पाचवीत शंभरदा म्हटलेलं वाक्य आठवीत गरजेच्या वेळी आठवत नाही, त्याचं एक कारण इथे आहे.

तिसरं टाचण ज्या विचारातून येतं, तो विचार भारतातच, आपल्यासारख्याच वर्गांत तपासला गेला. एन. एस. प्रभू मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये असताना १९७९ पासून १९८४ पर्यंत बंगळूर, मद्रास आणि कडलूर इथल्या काही शाळांत त्यांचा प्रकल्प चालला. जगभर तो 'बंगलोर प्रोजेक्ट' म्हणून ओळखला जातो. मुलाचं लक्ष अर्थ लावण्यात गुंतलं की रचना आपोआप रुजत जाते, असं प्रभूंचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी व्याकरणाचा क्रम सोडला आणि कोड्यांचा क्रम लावला. नकाशे, वेळापत्रकं, अंतर आणि भाडं यांची गणितं. पिंगळीच्या मुलांना ही सामग्री शोधायला लांब जावं लागत नाही. चार गाड्यांचं साधं वेळापत्रक फळ्यावर लिहा. परभणीच्या दवाखान्यात दहा वाजता पोचायचं आहे, स्टेशनपासून दवाखाना वीस मिनिटांवर आहे, तर कोणती गाडी धरावी? मूल विचार करतं, चुकतं, पुन्हा पाहतं, आणि या सगळ्यात इंग्रजी प्रश्न ऐकतं, इंग्रजी तक्ता वाचतं, इंग्रजीत उत्तर देतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कृती म्हटलं की आपल्याकडे गट, गोंगाट आणि तक्ते डोळ्यांसमोर येतात. प्रभूंच्या वर्गात गटकाम जवळजवळ नव्हतं. आधी शिक्षक एक कोडं सगळ्या वर्गाबरोबर उघडपणे सोडवत, मग तसंच दुसरं कोडं प्रत्येक मूल एकट्याने सोडवी. गटात बसवलं की मुलं आपल्या भाषेत बोलणार आणि एकमेकांचं अर्धवट इंग्रजी उचलणार, हे ते ओळखून होते. मुलाचं उत्तर एका शब्दाचं असलं तरी चाले, पाहायचं ते उत्तर बरोबर आहे की नाही. वर्गात फक्त बाकं आणि फळा असला तरी हे जमतं. मला हे टाचण सगळ्यांत जवळचं वाटतं. पण ते शिक्षकाकडून फार मागतं. मुलाने अनपेक्षित उत्तर दिलं की तिथल्या तिथे दुसरा इंग्रजी प्रश्न सुचायला हवा, आणि तो कोणत्याही वहीत लिहून मिळत नाही.

चौथं टाचण ज्ञानरचनावादी म्हणवलं जातं. २००५चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने आलेलं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, आणि २०१५चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या वाटेने ते आलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, फरशीवर आखणी झाली, भिंती बोलक्या झाल्या. मराठी आणि गणितात यातून पुष्कळ मुलं सावरली. इंग्रजीत मात्र याची टाचणं मला कच्ची वाटतात. मुलं कार्डं जुळवतात, खेळतात, आनंदात असतात, आणि गटातलं सगळं बोलणं मराठीत चालतं. मराठीत मूल ज्या सामग्रीतून ज्ञान रचतं ती भाषा त्याच्या घरात असते. इंग्रजीत ती सामग्रीच वर्गात आणावी लागते. २००५च्या आराखड्यासाठी इंग्रजी अध्यापनावर जो निबंध तयार झाला, त्यात भाषेने भरलेल्या वातावरणावर मोठा भर होता. टाचणात उतरताना खेळ आला आणि ते वातावरण मागे राहिलं.

आणखी एक वाट आहे, तिच्याकडे कमी लक्ष गेलं. शिक्षकाचं इंग्रजी कच्चं असेल तर टाचण आवाजात भरून द्यावं. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा ध्वनी-कार्यक्रम याच विचाराने केला. ध्वनिमुद्रण बोलतं, थांबतं, मुलं उत्तर देतात, शिक्षक सोबत राहतात. मुलाला चांगला उच्चार ऐकायला मिळतो आणि शिक्षकही त्याच्याबरोबर शिकत जातो. यात वर्गाच्या वेगाप्रमाणे थांबता येत नाही, ही मर्यादा. तरी एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळांसाठी ही कल्पना मोडीत काढण्यासारखी नाही, आणि आता तर प्रत्येक शिक्षकाच्या खिशात मोबाइल आहे.

या सगळ्यांची तुलना कोणी केली का? बंगलोर प्रोजेक्टची केली. अॅलन बेरेटा आणि अॅलन डेव्हिस यांनी चार शाळांतले प्रकल्पाचे वर्ग आणि नेहमीच्या पद्धतीचे वर्ग तपासले. त्यांचा निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाला. टाचण तपासणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, असं मला वाटतं. रचनांची चाचणी घेतली तेव्हा रचना घोटलेली मुलं पुढे होती. कृतींची चाचणी घेतली तेव्हा कृती केलेली मुलं पुढे होती. ज्या वर्गाची सवय, त्या चाचणीत त्याची सरशी. दोन्ही बाजूंना झुकतं माप मिळणार नाही अशा मधल्या चाचण्या घेतल्यावर पारडं एकंदरीत प्रकल्पाकडे झुकलं. बेरेटांनी पुढे त्याच प्रकल्पाच्या अंमलबजावणीकडे पाहिलं, आणि शाळेतले नेहमीचे शिक्षक ही पद्धत कितपत अंगी बाणवू शकले याबद्दल शंका नोंदवली. म्हणजे टाचण चांगलं असून भागत नाही, ते कोणाच्या हातात आहे हेही मोजावं लागतं.

आपल्या विद्यापीठांतल्या एम.एड.च्या लघुप्रबंधांत हीच गफलत वर्षानुवर्षं होते. एक शाळा, दोन तुकड्या, एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट. प्रायोगिक गटाला संशोधक स्वतः हौसेने शिकवतो, नियंत्रित गट नेहमीसारखा चालतो, काही आठवड्यांनी संशोधकाने आपल्याच टाचणावरून काढलेली चाचणी होते, 'टी' मूल्य सार्थ येतं आणि नवी पद्धत परिणामकारक ठरते. यातून टाचणांची तुलना झाली असं म्हणता येत नाही. मेहनत वाया जाते याचं वाईट वाटतं, कारण हे विद्यार्थी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शाळांत प्रत्यक्ष उभे असतात आणि त्यांच्याजवळ जगातल्या कुणापेक्षा जास्त सामग्री असते.

परदेशातली दोन कामं इथे उपयोगी पडतात. बेंजामिन पायपर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली १३ देशांतल्या १९ प्रकल्पांमधली शिक्षक हस्तपुस्तकं तपासली. हस्तपुस्तकांमुळे मुलांचं वाचन सुधारत होतं. पण शिक्षकाच्या तोंडचा प्रत्येक शब्द लिहून दिलेली पुस्तकं कमी उपयोगाची ठरली. दक्षिण आफ्रिकेत म्पुमलंगा प्रांतात इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या लहान मुलांवर मोठा प्रयोग झाला. शिक्षकांना रोजची तयार टाचणं मिळाली. एका गटात मार्गदर्शक वर्गात येऊन बसे, दुसऱ्या गटात तो फोन आणि टॅबलेटवरून बोले. पहिल्या वर्षी दोन्ही गट सारखेच पुढे सरकले. तीन वर्षांनी मात्र ज्या वर्गांत माणूस येऊन बसत होता ते स्पष्ट पुढे निघाले. आपल्याकडे दीक्षा अॅपवर, पाठ्यपुस्तकाच्या क्यूआर कोडमागे सामग्रीची कमतरता नाही. वर्गात मागे येऊन बसणारा आणि तासानंतर दहा मिनिटं बोलणारा माणूस मात्र कमी आहे. केंद्रप्रमुखाचं पद मुळात याच कामासाठी होतं. आज माहिती भरण्यातच त्यांचा दिवस जातो.

आता माझा स्वतःचा निकष. इंग्रजीच्या टाचणात मी सर्वप्रथम विद्यार्थी कृतीचा रकाना वाचतो. तिथे बहुधा 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात', 'विद्यार्थी उत्तरे देतात' असं असतं. एवढ्यावरून काहीही कळत नाही. मुलं नेमकं काय म्हणतील? बरोबर काय म्हणतील, त्यापेक्षा चूक काय म्हणतील?

घड्याळाच्याच घटकात पाहा. मराठीत गाडी परभणीला जाते, परभणीला थांबते आणि साडेसहाला सुटते. एकच 'ला' तिन्ही कामं करतो. इंग्रजीत तिथे 'टू' आणि 'अॅट' अशी वाटणी होते. मूल 'टू परभणी' शिकलं की 'टू सिक्स थर्टी' म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली दोन भाषा शेजारी ठेवून अशा जागा आधीच हेरण्याची शिस्त मांडली. तिच्यातून सगळ्याच चुका सांगता येत नाहीत हे पुढे दिसलं, पण ही चूक नक्की सांगता येते. मग रेल्वेच्या वेळापत्रकात १८:४५ लिहिलेलं असतं. मुलाने आधी ते पावणेसात करायचं, मग 'क्वार्टर टू सेव्हन' किंवा 'सिक्स फॉर्टीफाइव्ह'. हे दोन टप्पे आहेत. टाचणात एकच टप्पा धरला असेल तर अर्धा वर्ग तिथे अडकेल, आणि शिक्षकाला वाटेल मुलांना इंग्रजी येत नाही. अडचण प्रत्यक्षात वजाबाकीची असेल. 'स्टेशन'चं 'टेशन' किंवा 'इस्टेशन' होणार. सुरुवातीचं जोडाक्षर टाळायची ही आपली बोलण्याची सवय, ती हसून सोडायची की सरावाने घालवायची हेही आधी ठरवलेलं बरं. माझं मत, या तासात सोडून द्यावी. वेळ कळली पाहिजे, उच्चार पुढे पाहू. अशा दोन-तीन चुका ज्या टाचणात लिहिलेल्या आहेत, ते कोणत्याही पद्धतीचं असो, जिवंत आहे. त्या शिक्षकाने वर्गाचा विचार केलेला आहे. छापील वहीतून किंवा संगणकातून आलेल्या टाचणात या ओळी नसतात, आणि असल्या तरी त्या आपल्या वर्गाच्या नसतात.

दुसरी गोष्ट मिनिटांची. नेड फ्लँडर्स यांनी अमेरिकेतल्या वर्गांच्या निरीक्षणावरून एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं. वर्गाच्या वेळेपैकी दोन तृतीयांश बोलण्यात जातो, त्या बोलण्यापैकी दोन तृतीयांश शिक्षकाचं असतं. बी.एड.ला आपण हे परीक्षेपुरतं पाठ करतो. पिंगळीच्या तासाला लावून पाहू. हजेरी आणि स्थिरस्थावर होण्यात पाच मिनिटं गेली, तीस उरली. वीस मिनिटं बोलणं, त्यातली पावणेसात मिनिटंही मुलांच्या वाट्याला नाहीत. तीस मुलांत वाटली तर प्रत्येकाला तेरा-चौदा सेकंद. तीही मराठीत की इंग्रजीत, हा प्रश्न आहेच. त्याऐवजी दहा मिनिटं जोड्यांनी बोलायला दिली, तर प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. एका मुलाजवळ सुटायच्या वेळा, दुसऱ्याजवळ पोचायच्या वेळा, एकमेकांचं पान पाहायचं नाही, म्हणजे विचारावंच लागेल. प्रभूंना जोड्यांबद्दल शंका होती ती मोकळ्या गप्पांपुरती मला पटते. विचारायचं आणि सांगायचं वाक्य आधी सरावाने पक्कं केलं असेल तर जोडीत ते इंग्रजीतच येतं. इथे दुसरं आणि तिसरं टाचण एकमेकांच्या मदतीला येतात, पहिल्यातली सव्वा-साडे-पावणेची जोडीही सुरुवातीला दोन मिनिटं घ्यायला हरकत नाही. शुद्ध एका पद्धतीचं टाचण चांगलं असलंच पाहिजे असं नाही. प्रभूंनीच १९९० साली लिहिलं की सर्वोत्तम अशी पद्धत नसते, शिक्षकाला स्वतःला जे पटतं, अनुभवाने जे खरं वाटतं, त्या जाणिवेतून शिकवणं जिवंत राहतं.

तिसरी गोष्ट आपल्या शाळांची, परदेशी पुस्तकांत ती सापडायची नाही. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन वर्ग असतात. तिसरीचा इंग्रजीचा तास चालू असताना पहिली काय करणार? मी पाहिलेल्या बहुतेक नमुन्यांत यासाठी रकानाच नाही. म्हणून शिक्षक कागदावर पस्तीस मिनिटं लिहितात आणि हाती पंधरा लागतात. अशा शाळेचं टाचण पंधरा मिनिटांचंच असावं, उरलेल्या वेळात मुलांनी स्वतः करायचं काम त्यात लिहिलेलं असावं, आणि तपासणाऱ्याने ते अपुरं म्हणून नाकारू नये.

शिक्षकाने स्वतः बोलायची इंग्रजी वाक्यं लिहून ठेवली आहेत का, हेही पाहावं. आठ-दहा वाक्यं पुरतात: सूचना, प्रश्न, शाबासकी, पुन्हा सांगणं. इंग्रजीवर पकड नसलेल्या शिक्षकाला ही वाक्यं मोठा आधार देतात. अख्खा संवाद लिहून देण्याची गरज नाही, पायपर यांच्या कामातून तेच दिसतं.

तुलना कागदावर होत नसते. जपानमध्ये शिक्षक मिळून एक टाचण करतात, एकजण ते शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहतात, मग सगळे बसून ते बदलतात आणि दुसऱ्या वर्गात दुसरा कोणी शिकवतो. आपल्याकडे याची जागा तयार आहे: केंद्राची शिक्षण परिषद. २०१६ पासून टाटा ट्रस्ट, ब्रिटिश कौन्सिल आणि राज्य शासन यांच्या 'तेजस' कार्यक्रमात शिक्षकांचे गट ठरावीक काळाने एकत्र बसून इंग्रजीच्या तासांवर बोलत होते. टॅग बैठकी म्हणून शिक्षक त्यांना ओळखतात. अधिकारी नसलेल्या खोलीत शिक्षक आपली अडचण मोकळेपणाने सांगतो, हा त्यातला मोठा लाभ. एखाद्या केंद्रातल्या दोन शाळांनी एकाच महिन्यात घड्याळाचा घटक दोन टाचणांनी घ्यावा, शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसावं, पाच ठरावीक मुलांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, त्यात एक पुढचं, एक मागचं, एक कधीच न बोलणारं असावं. पंधरा दिवसांनी तिसऱ्याच शिक्षकाने तयार केलेली छोटी तोंडी चाचणी घ्यावी, कुठल्याच टाचणाच्या बाजूची नसलेली. खर्च काही नाही, लागतो तो वेळ. रिक्त पदं आणि शाळाबाह्य कामं यांनी तोच संपवलेला आहे, ही तक्रार खरी आहे, आणि शासनाने तिच्याकडे पाहिल्याशिवाय वरचं काहीच होणार नाही.

शेरेवहीत मात्र उद्यापासूनच बदल करता येईल, त्याला कुठल्या शासन निर्णयाची गरज नाही. भेटीला आलेल्या अधिकाऱ्याने 'टाचण अद्ययावत' लिहिण्याऐवजी लिहावं: 'सहावीत तीसपैकी अकरा मुलांनी वेळ इंग्रजीत विचारली. १८:४५ला मुलं अडतात, आधी बारा तासांच्या घड्याळात बदलून घ्यावं. खिडकीजवळच्या दोन मुलींना आज एकदाही बोलायला मिळालं नाही, पुढच्या तासाच्या टाचणात त्यांचा विचार करावा.'